लतिका मोटारी भरते

नाशिक,
दि. १४ नोव्हेंबर १९८३

सौ. लतिका गोरक्ष साळवे, मु. पो. लासलगाव, यांस,

सप्रेम जयभीम. विनंती विशेष.

प्रारंभीच स्पष्ट करतो की हे पत्र कार्यालयीन आहे. आपण आमच्या तंत्रप्रशिक्षण केंद्रातून सन १९७९ मध्ये वीजतंत्री अभ्यासक्रम उत्तीर्ण झालात. त्या तुकडीत आपण एकट्याच मुलगी होतात. केंद्रातून बाहेर पडलेली मुले आज काय करतात, शिकलेले काम त्यांच्या उपयोगी पडले किंवा नाही, हे सरकारला जाणून घ्यावयाचे आहे. त्याकरिता प्राचार्य क्षेमकल्याणी साहेबांनी सर्वांना जोडकार्डे पाठविली. एका कार्डावर प्रश्न आणि दुसरे कोरे, उत्तर लिहून टपालात टाकावयाचे, इतके ते सोपे होते. प्रश्न एकच होता : ‘सध्या आपण काय करीत आहात?’

उत्तरे आली ती येणेप्रमाणे. ‘आपल्या आशीर्वादाने सर्व क्षेम.’ ‘घरी सर्वजण खुशाल, आपली खुशाली कळवावी.’ सटाण्याच्या एका मुलाने लिहिले, ‘आपलीच आठवण काढीत आहे.’

साहेबांनी मला घरून बोलावून घेतले. म्हणाले, “नाईक, तुम्ही निवृत्त झालात हे खरं. पण सरकारला क्षेम नकोय हो, काम पाहिजे. आणि ही पोरं मला घाबरून आशीर्वाद मागतात. तुम्हाला ती घाबरतात, पण खरं सांगतात.”

मी व्हर्नाक्युलर चौथी उत्तीर्ण आहे. तीस वर्षे केंद्राचे फाटक, घंटा आणि हजेरीचा पुकारा माझ्याकडे होता. तेव्हा ही कामगिरी मी स्वीकारली आहे. येत्या २६ जानेवारीस केंद्राच्या पटांगणात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. त्यात प्रत्येकाचे नाव, गाव आणि काम मोठ्याने वाचावयाचे आहे. वाचणार मीच.

आपले उत्तर आलेले नाही. आपल्या नावापुढे जागा कोरी आहे. तरी आपण काय काम करता ते एका वाक्यात कळवावे.

आपल्या मातोश्रींची प्रकृती उत्तम आहे. हे केवळ माहितीसाठी.

आपला,
जयराम कारभारी गांगुर्डे
(निवृत्त नाईक)


नाशिक,
दि. २ डिसेंबर १९८३

सौ. लतिका गोरक्ष साळवे यांस,

सप्रेम जयभीम. हे स्मरणपत्र समजावे.

आपले उत्तर नाही. आपण कामात असाल. इतरांचे कसे चालले आहे हे कळल्यास आपणास लिहिण्याची इच्छा होईल, या हेतूने थोडा मजकूर देत आहे. असा मजकूर स्मरणपत्रात देण्यास मनाई असल्याचे माझ्या वाचनात नाही.

गेल्या आठवड्यात मी दिंडोरीस गेलो होतो. आपणास शिवणवर्गातील सुलाबाई आठवत असेल. कापड वाकडे कापून रडत बसणारी. तिच्या दारात उभा राहून मी रीतीप्रमाणे प्रश्न विचारला. ती पदराने ओटा झटकीत म्हणाली, “मी? मी काय करणार मामा. घरीच बसलेली हाय.”

मी ‘घरी बसलेली आहे’ असे लिहून घेतले. तेवढ्यात आतून यंत्रांचा आवाज आला. पाहतो तो तीन मुली तीन मशिनी चालवीत आहेत आणि मधोमध शाळेच्या निळ्या गणवेशांचा ढीग छातीएवढा.

“मग हे काय आहे?” मी विचारले.

“हे होय? हे असंच.”

‘असंच’ या कामासाठी सरकारच्या तक्त्यात रकाना नाही. मी तिला समोर बसवून समजावले की बाई, हे काम आहे. ती आतल्या मुलींना ओरडून म्हणाली, “अगं ए, ऐकलं का? आपण काम करतो म्हणं!” आणि चौघी इतक्या हसल्या की एकीचा दोरा तुटला. मला चहात दुप्पट साखर मिळाली.

पुढे रस्त्यावरच मल्हारी भेटला. तो आता द्राक्षबागांना लोखंडी मांडव जोडून देतो. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात वेल्डिंगची कांडी. मला पाहताच कांडी खाली ठेवून ओरडला, “नाईकमामा! तुम्ही मला फाटकाबाहेर काढलं होतं!”

“उशिरा आल्याबद्दल.”

“हा! आता माझं फाटक सकाळी सातला उघडतं. जो उशिरा येईल त्याला मी बी बाहेर काढतो. म्हणतो, आमच्या नाईकमामाची रीत हाय.”

घरी येताना एस.टी.मध्ये मला बसावयास जागा मिळाली नाही. दिंडोरी ते नाशिक उभा आलो आणि तरी पाय दुखले नाहीत. मुले कामाला लागली आहेत, लतिकाबाई. ज्यांची नावे मी पुकारीत असे, त्यांना आता गावे हाक मारतात. हे असे काही होत असेल याची फाटकावर उभ्या माणसास कल्पना नसते. त्याला मुले आत येताना दिसतात आणि बाहेर जाताना दिसतात, इतकेच.

आपल्या नावापुढील जागा अद्याप कोरी आहे. आपणास केंद्राच्या भांडारात खुर्चीची नोकरी ठरली होती, ती आपण घेतली नाही, हे कार्यालयास ठाऊक आहे. त्यानंतरचे कार्यालयास ठाऊक नाही.

जावईबापू बाजार समितीत मापारी आहेत असे समजते. त्यांस जयभीम.

आपला,
ज. का. गांगुर्डे


नाशिक,
दि. १९ डिसेंबर १९८३

चि. सौ. लतिका हिस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र कार्यालयीन नाही. म्हणून ‘आपण’ लिहिलेले नाही.

काल मी इंदिरानगरच्या नव्या वसाहतीत गोटीरामच्या शोधात गेलो होतो. तुझ्याच तुकडीतला, निफाडकडचा गोटीराम. बंगल्यांच्या भिंतींत तारा घालण्याचे काम करतो. स्टुलावर उभा राहून छिन्नीने भिंत खोदीत होता आणि चुन्याने इतका पांढरा झाला होता की प्रथम मी त्यास रंगारी समजलो. त्याची माहिती लिहून झाल्यावर मी सहज विचारले की तुमच्या तुकडीतल्या आणखी कोणाचे काही कळते काय.

तो म्हणाला, “बाकीच्यांचं काय, लताताईचंच नाव गाजतंय.” (तुझे नाव मी लतिका असे नोंदविले आहे. लोक ते अर्धे का घेतात हे मला कधी समजले नाही.)

मी म्हणालो, “काय करते ती?”

“घ्या! तुम्हालाच माहीत नाय व्हय? ताई मोटारी भरती की, लासलगावला. मार्केटच्या फाटकासमोर. लय हात चालतो. गडीमाणूस दिवसाला एक भरतो, तर ताई दोन भरती.”

“मोटारी भरते?”

“हा. कांद्याच्या दिवसांत तर मरायला फुरसत नाय. दारापुढं रांग लागती मोटारींची. हाताखाली दोन पोरं हायेत, पण भरणं ताईचंच.”

मी त्यास आणखी काही विचारले नाही. ‘आभारी आहे’ असे म्हणून सायकल हातात धरून चालत घरी आलो.

लतिका, माझ्या आईची, म्हणजे तुझ्या आजीची आठवण तुला नाही. आक्काबाई कारभारी गांगुर्डे. नाशिकच्या बाजारात तिने दुसऱ्यांची ओझी डोक्यावर वाहिली. तिची चुंबळ घरात खुंटीस टांगलेली असे. जुन्या लुगड्याची पिळून केलेली ती गोल वेटोळी, तीवर पाटी बसते. मला केंद्रात खाकी गणवेश मिळाला त्या संध्याकाळी मी ती चुंबळ खुंटीवरून काढली आणि चुलीत घातली. पातेल्यातले पाणी त्याच जाळावर तापले आणि त्या पाण्याने मी अंघोळ केली. तेव्हाच मी म्हणालो की या घरात डोक्यावर चढेल ती टोपी, दुसरे काही नाही.

त्यानंतर या घरात चुंबळ आली नाही.

तू वीजतंत्री झालीस. प्रमाणपत्र मी काच लावून भिंतीवर लाविले, ते तेथेच आहे. भांडारातील नोकरी मी साहेबांकडे शब्द टाकून ठरविली होती. खुर्ची होती, वर पंखा होता. तू मला दारात उभी राहून म्हणालीस, “बाबा, मला पंख्याखाली बसायचं नाही. मला पंखा उघडून बघायचाय.” मी म्हणालो की मग ऊन बघ, आणि सांगण्याजोगे काम करशील त्या दिवशी पत्र लिही. तू पत्र लिहिले नाहीस, त्याचे कारण आता मला समजले.

पंखा सोडून तू कांद्याच्या लॉऱ्या भरतेस.

मेळाव्यात मी काय वाचू? ‘गृहिणी’ असे वाचता येईल. ‘व्यापार व वाहतूक’ असेही वाचता येईल आणि ते पूर्णपणे खोटे ठरणार नाही. तुझी इच्छा काय, ते कळवावे.

कंबर दुखते काय?

तुझा,
बाबा


नाशिक,
दि. ४ जानेवारी १९८४

चि. सौ. लतिका हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे उत्तर नाही, तरीही लिहीत आहे, कारण माझा निर्णय झाला आहे.

मागील पत्र टाकल्यावर मला चैन नव्हते. मी सरळ भाजीबाजारात गेलो. तेथे एक बाई लॉरी भरीत होती. तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. डोक्यावर कोबीची पाटी, फळीवरून चढताना एक हात कमरेवर, दुसरा मोकळा. वर चढून पाटी अशी उलटी करी की एकही गड्डा बाहेर पडत नसे. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. शेवटी तीच खाली येऊन म्हणाली,

“काय ओ बाबा, सरकारी हायेत का? बिल्ला हाय माझ्याकडं.”

“सरकारी होतो,” मी म्हणालो. “आता मुलीचा बाप म्हणून उभा आहे. माझी मुलगीही हेच काम करते, लासलगावला.”

“मग असं तोंड करून कशाला उभे? चोरी करती का ती?”

“नाही.”

“मग? चांगली चुंबळ द्या तिला. चुंबळ चांगली तर मान चांगली. माझ्या बापानं मला नाय दिली, माझी मीच वळली, बघा ही कशी कडक झाली.” आणि तिने डोक्यावरची चुंबळ काढून माझ्या हातात ठेवली. ती ऊबदार होती. मी ती दोन्ही हातांनी तिला परत केली. तिचे नाव विठाबाई.

लतिका, तीस वर्षे मी रोज सकाळी मुलांस सांगत आलो की कामाची लाज धरू नये. त्या बाजारात उभे राहून माझ्या ध्यानात आले की हे वाक्य मी फाटकाबाहेर कधी नेलेच नव्हते.

घरी आल्यावर मी तुझ्या आईस सांगितले की लतिकेसाठी एक चुंबळ वळ, मऊ आणि मजबूत. तिने विचारले, “चुंबळ? लताला? कशाला?” मी तिला सर्व सांगितले : लासलगाव, बाजाराचे फाटक, मोटारींची रांग. ऐकता ऐकता तिने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे वळून बसली. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, “भागुबाई, धीर धर. काम आहे, चोरी नाही.” तर तिचे खांदे अधिकच हलू लागले. आईचे काळीज आहे.

परंतु तिने चुंबळ वळली, आणि काय वळली! स्वतःच्या मऊ नऊवारीची, आत काथ्या, वरून घट्ट टाके. मी ती डोक्यावर ठेवून, तीवर पाण्याची भरलेली कळशी घेऊन अंगणात फिरून पाहिले. मान हलत नाही. शेजारच्या बाई कुंपणावरून पाहत होत्या, पाहोत.

पार्सल लासलगावच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिले आहे. ओझे उचलताना कंबरेत वाकू नये, गुडघ्यांत वाकावे. बिल्ला काढून घ्यावा.

मेळाव्यात मी तुझे नाव पूर्ण वाचीन आणि पुढे ‘मोटारी भरते’ असे वाचीन. ‘व्यापार व वाहतूक’ असे मी वाचणार नाही. ऐकावयास येशील तर पुढच्या रांगेत जागा ठेवतो.

तुझा,
बाबा


नाशिक,
दि. २७ जानेवारी १९८४

चि. सौ. लतिका हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड मेळाव्याच्या आदल्या दिवशी मिळाले. ‘तीर्थरूप बाबांस जयभीम. चुंबळ मिळाली. अगदी मापाची आहे, लगेच कामाला घेतली. आणखी दोन पाठवाव्यात. मेळाव्याला येता येत नाही, दारात मोटारींची रांग आहे. तुमची लतिका.’ सव्वाचार वर्षांत तुझी ही पहिली ओळ. मी ते कार्ड कोटाच्या वरच्या खिशात ठेवून मेळाव्यास गेलो.

आता जे घडले ते क्रमाने सांगतो.

पटांगणात मांडव होता. मुले आली होती, त्यांतील काहींची पोटे सुटली आहेत. सुलाबाई आपल्या तिन्ही मुलींना घेऊन आली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगत होती की आम्ही काम करतो. मल्हारी सर्वांत आधी येऊन फाटकाशी उभा होता आणि उशिरा येणाऱ्यांस टोमणे मारीत होता. मी कोट इस्त्री करून घातला होता. साहेबांनी घंटा मलाच वाजवावयास लावली. तिचा आवाज अद्याप तसाच आहे.

मी नावे वाचू लागलो. नाव, गाव, काम. प्रत्येक नावास टाळ्या. तुझे नाव जवळ येऊ लागले. मी पाणी प्यायलो, खिशातल्या कार्डास हात लावला, आणि हजेरी पुकारीत असे त्याच आवाजात वाचले :

“लतिका जयराम गांगुर्डे, आता साळवे. लासलगाव. मोटारी भरते.”

मांडव शांत राहील, कोणी खाली पाहील, कोणी कुजबुजेल, याची मी तयारी ठेवली होती. त्यासाठी एक वाक्यही पाठ करून नेले होते. त्या वाक्याची गरजच पडली नाही. टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. वीजतंत्रीची मुले उभी राहिली. येवल्याचा कोणी ओरडला, “आमच्या विहिरीवरची ताईनंच भरली!” मला काही अर्थबोध होईना. मी मनात म्हणालो, ही लॉरी विहिरीवर कशास गेली?

तेवढ्यात गोटीराम उभा राहिला. “मामा, किती हॉर्सपॉवरच्या भरती ते बी सांगा ना!”

मी ध्वनिक्षेपकातच उत्तर दिले, “लॉरीची अश्वशक्ती मला ठाऊक नाही.”

लतिका, तीस वर्षांत मी त्या पटांगणात असे हसणे ऐकले नाही. मल्हारी खुर्चीसह मागे पडला. प्राचार्य साहेब चष्मा काढून डोळे पुसू लागले. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

“नाईक, लॉरी नाही हो. विहिरीवरच्या पंपाची मोटार. जळते ना ती, मग आतली जळलेली तार काढून नवी भरतात.”

मी म्हणालो, “साहेब, त्यास वेष्टन म्हणतात. केंद्रात तसे शिकवितात. वर्गाच्या दारावर तशी पाटी आहे.”

“पाटी आपली. शेतकरी मोटार भरणं म्हणतो.”

मी हाताने सर्वांस शांत केले आणि सांगितले की वाचनात दुरुस्ती झाल्यास संपूर्ण ओळ पुन्हा वाचण्याचा नियम आहे. असा नियम मी तेथेच केला. आणि तेच शब्द, एकही न बदलता, पुन्हा वाचले : लतिका जयराम गांगुर्डे, आता साळवे. लासलगाव. मोटारी भरते. या वेळी आवाज थोडा अधिक लागला असे ऐकणाऱ्यांचे म्हणणे आहे.

घरी येऊन मी तुझ्या आईस विचारले, “तुला हे ठाऊक होते?”

“मी दर दोन महिन्यांनी बहिणीकडं म्हणून जाते, ती कुठं जाते असं वाटलं तुम्हाला?”

“मग त्या दिवशी तू रडत नव्हतीस?”

“रडत?” ती म्हणाली, आणि पुन्हा पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. आता मला त्या खांद्यांचा अर्थ समजतो.

लोकभाषेतील एका शब्दामुळे हा घोटाळा झाला. त्यात माझ्याकडून चूक अशी काही झालेली नाही. परंतु माझी मागील दोन पत्रे वाचून गैरसमज तुझ्या ध्यानात आला असणार. तरीही तू कार्डावर खुलासा केला नाहीस, उलट आणखी दोन चुंबळी मागविल्यास. हे तुझ्या आईकडून आले आहे, माझ्याकडून नाही.

चुंबळीचे तू नेमके काय करतेस, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. अहवाल सादर झाल्याशिवाय मला कार्यालय सोडता येत नाही. त्यानंतर उरलेल्या दोन घेऊन मी स्वतःच येतो.

तुझा,
बाबा


नाशिक,
दि. ११ मार्च १९८४

चि. सौ. लतिका हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही उभयता काल सायंकाळी सुखरूप पोचलो. तुझ्या आईस एस.टी.त खिडकीची जागा मिळाली.

तुझ्या दुकानात मी फारसे बोललो नाही, असे तुझी आई म्हणते. मी पाहत होतो. पाहताना बोलू नये असे मी मुलांस सांगत असे. तू खाली बसून, पुढ्यात मोटारीचे उघडे पोट घेऊन, तांब्याची तार खाचांत अशी बसवीत होतीस की जणू कोणाचे केस विंचरीत आहेस. आणि ती मोटार जमिनीवर गडगडू नये म्हणून तिच्याखाली आमची चुंबळ. तीवर ती लोखंडाची मोटार इतकी निवांत बसली होती की पाण्याने भरलेली घागरच. मला आईची आठवण झाली. ही चुंबळ पाहून ती काय म्हणाली असती कोण जाणे. डोक्यावरून उतरली आणि कामाला राहिली, असे काहीतरी.

मी नेलेल्या दोन चुंबळी तू लगेच आणखी दोन मोटारींखाली सरकविल्यास. मला आल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

मी तुला विचारले होते की खुलासा का केला नाहीस. तू तार ओढता ओढता, वर न पाहता म्हणालीस, “बाबा, हमाल समजूनसुद्धा तुम्ही चुंबळ पाठवलीत. मग मला बघायचं होतं, हमाल म्हणून तुम्ही माझं नाव वाचता का.”

त्यावर मी म्हणालो होतो की चहा गार होतो आहे.

दुपारी तू आत जेवावयास गेली होतीस तेव्हा एक शेतकरी बैलगाडीत जळकी मोटार घालून आला. मला दारात खुर्चीवर पाहून म्हणाला, “मालक, मोटार भरायचीय. दाणापाणी बंद हाय कांद्याचं.”

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “मी मालक नाही. मी तिचा बाप आहे.”

तो म्हणाला, “मग तर चिंताच मिटली,” आणि माझ्याच हाताला धरून मोटार उतरवू लागला. दुसरी बाजू मी धरली. गुडघ्यांत वाकलो, कंबरेत नाही. मला काही झाले नाही, तुझ्या आईने उगाच आरडाओरडा केला.

अहवालाची प्रत मला मिळाली आहे. तुझ्या ओळीत टंकलेखकाने ‘विद्युत् चलित्र पुनर्वेष्टन’ असे सुधारून ठेवले होते. शब्द शुद्ध आहेत. तरीही मी साहेबांस विनंती करून ते खोडविले आणि ‘मोटारी भरते’ असे पूर्ववत करून घेतले. मेळाव्यात जे वाचले तेच कागदावर असावे.

जावईबापूंस जयभीम. त्यांनी दिलेले कांदे उत्तम आहेत.

कळावे,
तुझा,
बाबा

ता. क. घरचा टेबलपंखा आज दुपारी अकस्मात बंद पडला. त्याची मोटार जळाली असावी असा माझा अंदाज आहे. नाशकात भरणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यांचा मला भरवसा वाटत नाही. तरी तू सवडीने, दोन-चार दिवस राहावयाच्या तयारीने येऊन, पंखा उघडून बघावास. पंखा सकाळपर्यंत चांगला चालत होता आणि मीच त्याची तार कोठेतरी ओढली, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. तिकडे लक्ष देऊ नये.